ऐन उमेदीच्या वयांतील हृदयविकार

हृदयविकार हा म्हातारपणाचा, आणि त्यांतहि शहरांत गादीवर बसून धंदा करणाऱ्या सुखवस्तु माणसाचा आजार आहे, अशी आपल्या शेतकरीवर्गाची पुष्कळ दिवसांची समजूत आहे. ऊन, वारा व पाऊस अंगावर घेऊन राबणाऱ्या माणसाच्या काळजाला कसला आला आहे रोग, असें आपण मोठ्या अभिमानानें म्हणत आलों. परंतु अलीकडे गांवोगांवीं ज्या वार्ता कानीं येतात, त्या या समजुतीस धक्का देणाऱ्या आहेत. चाळिशीच्या आंतला, कालपर्यंत रात्रीची पाळी करून उसाला पाणी देणारा कर्ता पुरुष छातींत कळ येऊन घटका-दोन घटकांत जातो. आणि मागें राहतें तें सोसायटीचें कर्ज, अर्ध्यावर आलेलें पीक, शाळेंत जाणारीं मुलें व वृद्ध आईबाप. "त्याची दोरी तेवढीच होती" असें म्हणून चार माणसें मनाचें समाधान करून घेतात व गोष्ट तेथेंच संपते.

पिकावर रोग पडला असतां मात्र आपण असे दैवावर हवाला ठेवून बसत नाहीं. रोग कोणता, तो कशानें आला, शेजारच्या शेतांत कां आला नाहीं, पुढील हंगामांत काय करावें, हे प्रश्न आपण विचारतों व उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ राहत नाहीं. तोच न्याय स्वतःच्या देहास लावावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.

आपल्या लोकांस हा विकार इतरांपेक्षां लवकर गांठतो, ही गोष्ट आतां निर्विवाद ठरली आहे. डॉ. सलीम युसुफ यांच्या मार्गदर्शनाखालीं ५२ देशांत झालेल्या व सन २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' नांवाच्या पाहणींत हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या सुमारें पंधरा हजार रोग्यांची, तितक्याच निरोगी माणसांशीं तुलना केली गेली. त्यांतील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या पांच देशांचे आंकडे २००७ मध्यें वेगळे काढण्यांत आले, तेव्हां असें दिसलें कीं, या भागांतील निम्म्या रोग्यांस पहिला झटका ५३ वर्षांच्या आंतच आला होता. इतर देशांत हेंच वय सुमारें ५९ होतें. म्हणजे कर्तेपणाचीं सहा वर्षें आपण आधींच गमावून बसतों. याच पाहणींतील दुसरी गोष्ट मात्र धीर देणारी आहे. मोजतां येण्यासारख्या अवघ्या नऊ कारणांनीं जगांतील शेंकडा नव्वद झटक्यांचा उलगडा होतो, असें तींत आढळलें. जें मोजतां येतें त्यास आवर घालण्याचा मार्गहि शोधतां येतो.

हृदयाचें पोषण व त्यांतील अडथळा

हृदय हा सुमारें मुठीएवढा स्नायूचा पंप होय. तो मिनिटास सत्तर वेळां, म्हणजे दिवसांत सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतो, व दर मिनिटास पांच लिटर या मानानें दिवसाकांठीं सात हजार लिटर रक्त उपसतो. आपल्या विहिरीवरील पंपास रात्रीं तरी विश्रांति असते. यास जन्मभर नाहीं. एवढें रक्त त्याच्या पोटांतून वाहत असतें, परंतु त्यांतून तो स्वतःचें पोषण करूं शकत नाहीं. त्याकरितां मुख्य धमनीच्या मुळाशींच फुटणाऱ्या उजव्या व डाव्या अशा दोन बारीक धमन्या त्याच्या पृष्ठभागावरून पसरलेल्या असतात. या धमन्यांच्या विकारासच आपण येथें हृदयविकार म्हणत आहों.

ठिबक सिंचनाच्या नळींत क्षार सांचून पाणी मंदावतें, हें बागायतदारांस सांगावयास नको. धमनीच्या आंतल्या अस्तराखालीं कोलेस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ असाच वर्षानुवर्षें सांचत जातो. तंबाखूचें विष, वाढलेला रक्तदाब व रक्तांतील साखर यांनीं अस्तर दुखावलें म्हणजे हें सांचणें अधिक वेगानें होतें. परंतु नळीची उपमा येथें संपते, कारण झटका येतो तो बहुधा नळी हळूहळू बुजून नव्हे. अस्तराखालील हा मऊ गोळा एखादे दिवशीं फुटतो, त्या जागीं रक्ताची गुठळी जमते, व जी धमनी सकाळीं बऱ्यापैकीं मोकळी होती ती दुपारीं पूर्ण बंद होते. तरुण रोग्यांत हा प्रकार विशेष दिसतो. पुष्कळांस पूर्वीं कसलाहि त्रास झालेला नसतो. पहिलें लक्षण म्हणजे झटकाच. "काल तर तो पोतें उचलीत होता" हें उद्गार खरे असतात, पण त्यावरून धमनी निरोगी होती असें सिद्ध होत नाहीं.

या विकाराचें बीं किती लवकर रुजतें, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. कोरियाच्या युद्धांत पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें लष्करी डॉक्टरांनीं तपासलीं व निष्कर्ष १९५३ मध्यें प्रसिद्ध केला. या सैनिकांचें सरासरी वय अवघें २२ वर्षें होतें. कवायतीनें कसलेले ते जवान. तरी शेंकडा ७७ जणांच्या हृदयधमन्यांत विकार डोळ्यांस दिसण्याइतका झालेला होता. याचा अर्थ ते सर्व लवकरच मरणार होते असा नाहीं. अर्थ एवढाच कीं, चाळिशींत फुटणाऱ्या या रोगाची पेरणी विशींतच होऊन जाते, व मधलीं वीस वर्षें ही आपल्या हातांत असलेली मुदत आहे.

सडपातळ देह आणि लपलेली चरबी

"मी वाळकुडा माणूस, मला काय होणार?" असें पुष्कळ जण विचारतात. या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें मोठें काम आपल्या महाराष्ट्रांतच झालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. या शेतकरी कुटुंबांत जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील मुलाचें ३.५ किलो भरलें. आश्चर्य असें कीं, आपलीं मुलें सर्व बाजूंनीं लहान असूनहि चरबीच्या बाबतींत तितकीं लहान नव्हतीं. मांस कमी, हाडपेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र राखलेली, अशी ही घडण होती. हीच घडण पुढें मोठेपणींहि राहते. २००४ मध्यें डॉ. याज्ञिक यांनीं आपला व एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारीं शेजारीं छापून ही गोष्ट जगासमोर मांडली. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचा अगदीं एकच, २२.३, परंतु इंग्रज गृहस्थाच्या देहांत चरबी शेंकडा ९.१ व डॉ. याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२ निघाली.

ही चरबी आपल्या लोकांत विशेषतः पोटाभोंवतीं व यकृतांत सांचते, व तीच मधुमेह आणि हृदयविकार यांस आमंत्रण देते. म्हणून वजनाच्या कांट्यापेक्षां साधी शिंप्याची टेप आपल्या अधिक उपयोगाची आहे. आपल्याकडील पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरांवर व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांवर गेला कीं धोक्याची सूचना समजावी. हातपाय काटकुळे व पोट मात्र पुढें आलेलें, ही आकृति आपणांस खातेपीतेपणाचें लक्षण वाटते; तसें तिच्याकडे पाहण्याचे दिवस गेले.

या पाहणींतून निघालेली आणखी एक गोष्ट प्रत्येक गोठेवाल्या शेतकऱ्यानें मनांत ठेवण्यासारखी आहे. ज्या गर्भवती स्त्रियांच्या आहारांत दूध, पालेभाज्या व फळें अधिक वेळां होतीं, त्यांचीं मुलें जन्मतः अधिक चांगल्या बांध्याचीं निघालीं. आणि ज्यांना दिवस गेलेले असतां शेतांतील जड काम करावें लागे, त्यांचीं मुलें लहान भरलीं. म्हणजे दूध, भाजी व फळें पिकविणाऱ्याच्याच घरीं गर्भवतीच्या ताटांत तीं कमी पडतात! दोन्ही वेळचें सर्व दूध संकलन केंद्रावर घालून महिन्याचा हिशेब जुळविणाऱ्या घरानें या वहींत आणखी एक रकाना आखावा. सुनेच्या वाट्याचा पेलाभर दुधाचा खर्च हा पुढील पिढीच्या काळजाची बेगमी होय.

घराण्याचा वारसा

बैल किंवा म्हैस विकत घेतांना आपण तिची वंशावळ विचारतों. बियाणें कोणत्या जातीचें तें पाहतों. आपल्या स्वतःच्या घराण्याविषयीं मात्र आपण इतके चौकस नसतों. वडील किंवा भाऊ यांस ५५ वर्षांच्या आंत, अथवा आई किंवा बहीण यांस ६५ वर्षांच्या आंत हृदयविकार झाला असेल, तर त्या घरांतील इतरांस धोका अधिक असतो, हें वैद्यकांत सर्वमान्य आहे.

कांहीं घराण्यांत तर एक विशिष्ट दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. यकृतावर रक्तांतील कोलेस्टेरॉल पकडून घेणारीं एक प्रकारचीं द्वारें असतात. या दोषांत तीं जन्मतःच निम्मीं निकामी असतात. त्यामुळें आहार कितीहि साधा असला तरी रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल लहानपणापासून चढलेलें राहतें. अमेरिकेंतील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं हें गूढ उकललें व त्याबद्दल त्यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा दोष सुमारें अडीचशें माणसांत एकास असतो. दोषी मातापित्याच्या प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मानिम असतो. आणि उपचार न केल्यास अशा पुरुषांपैकीं सुमारें निम्मे पन्नाशीच्या आंत हृदयविकारानें गांठले जातात. टाचेमागील शिरेवर आलेल्या गांठी किंवा पापण्यांवरील पिवळसर चट्टे हीं त्याचीं बाह्य चिन्हें असूं शकतात, पण खरी खूण रक्ताच्या तपासणींतच सांपडते. नात्यांतल्या नात्यांत लग्नें होणाऱ्या कुळांनीं येथें अधिक जपावें. आई व बाप दोघांकडूनहि हा दोष आला तर मुलास बालपणींच झटका येऊं शकतो.

म्हणून प्रत्येक घरानें जमिनीच्या उताऱ्याप्रमाणें एक कागद करून ठेवावा: आजा, आजी, चुलते, मामा, आत्या कोणत्या वयांत व कशानें गेले, कोणास मधुमेह, कोणास रक्तदाब. "झोपेंत गेले", "रानांत पडले" अशा नोंदी असतील तर त्याहि लिहाव्या. हा कागद डॉक्टरांस दाखविला तर त्यांचें निम्में काम होतें. आणि घरांत एकास लवकर झटका आला असतां, तो दवाखान्यांतून परतण्यापूर्वींच त्याचे भाऊ, बहिणी व वयांत आलेलीं मुलें यांची रक्ततपासणी करून घ्यावी.

तंबाखू, श्रम आणि ताट

वारसा बदलतां येत नाहीं. पण सवयी बदलतां येतात. त्यांत पहिला मान तंबाखूचा. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेतांना आढळले, आणि त्यांतील बहुतेक ती खाणारे, चघळणारे किंवा मिश्री लावणारे होते. "आम्ही विडी ओढीत नाहीं, नुसती चुन्याबरोबर मळून खातों" असें म्हणणारांचा समज असा कीं, धूर नाहीं तर धोकाहि नाहीं. 'इंटरहार्ट' पाहणीनें हा समज खोटा ठरविला. विडी-सिगारेट ओढणारास झटक्याचा धोका सुमारें तिप्पट, नुसती तंबाखू चघळणारास दुपटीहून अधिक, व दोन्ही करणारास चौपट आढळला. त्यांतहि धूम्रपानाचा परिणाम तरुणांत अधिक तीव्र दिसला. मिश्री ही तंबाखूच असून ती आपल्या घरांतील स्त्रियांत आहे, हें विसरूं नये. गुटख्यावर महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं बंदी घातली. पण खिशांतील पुडीवर बंदी घालणें ज्याच्या त्याच्या हातीं आहे. समाधानाची गोष्ट अशी कीं, धूम्रपान सोडल्यास त्यामुळें वाढलेला धोका एका वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतो. इतकें लवकर फळ देणारें दुसरें पीक नाहीं.

दुसरी गोष्ट श्रमाची. लंडनमध्यें डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून १९५३ सालीं असें दाखविलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार पुष्कळच कमी होतो. दोघांचा पगार, वस्ती व समाज सारखाच; फरक होता तो पायांच्या कामाचा. आपल्या शेतींतहि हाच फरक एका पिढींत घडून आला आहे. आज्यानें औतामागें चालत कोसन्‌कोस तुडविले. नातू ट्रॅक्टरवर बसून तेंच शेत नांगरतो, मोटारसायकलीवरून बांधापर्यंत जातो, व पंप मोबाइलवरून चालू करतो. यंत्रें टाकून द्या असें कोणी म्हणणार नाहीं. पण आज्याच्या श्रमाचा आहार नातवानें तसाच चालू ठेवला, तर हिशेब चुकणारच. आठवड्यांतून निदान दीडशें मिनिटें दम लागेल इतपत चालणें, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे. शेताची रोजची फेरी पायीं केली तरी ती पुरी होते, आणि पिकावरील कीडहि वेळेवर दिसते.

तिसरी गोष्ट ताटांतील. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे व जवसाची चटणी हें आपलें जुनें जेवण हृदयास हितकर आहे. घात करतें तें त्यांत नव्यानें शिरलेलें: दिवसांतून पांच-सहा वेळां साखरेचा चहा, बाजारच्या दिवशींचें वडे-भजीं, फरसाण व बिस्किटें. एकाच कढईंत पुन्हां पुन्हां उकळलेलें तेल व जुन्या पद्धतीचें वनस्पति तूप यांत धमन्यांस अतिशय अपायकारक अशी कृत्रिम चरबी तयार होते. आपल्या देशांत खाद्यतेलें व वनस्पति यांतील या चरबीवर शेंकडा २ ची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण हॉटेलच्या कढईवर पहारा ठेवणें कायद्यास कठीण आहे. मीठ दिवसांतून ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आंत असावें. लोणचें, पापड व खारवलेले पदार्थ यांतील मीठहि त्यांतच धरावें.

चिंता हेंहि कारणांच्या यादींत आहे. पाऊस, भाव व कर्ज यांची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, त्यास "काळजी करूं नका" असें सांगणें ही थट्टाच होईल. तथापि चिंतेवर उतारा म्हणून दारू व तंबाखू जवळ करणें म्हणजे एका सावकाराचें देणें दुसऱ्या सावकाराकडून काढून फेडणें होय.

तीस वर्षें झालीं कीं तपासणी

उंच रक्तदाब, मधुमेह व चढलेलें कोलेस्टेरॉल या तिघांचा विशेष असा कीं, तीं वर्षानुवर्षें दुखत नाहींत, खुपत नाहींत. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटी मधुमेही असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांपैकीं पुष्कळांस आपला रोग ठाऊक नसतो.

म्हणून तिशी गांठलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषानें तीन आंकडे जाणून घ्यावे. रक्तदाब पुन्हां पुन्हां १४० / ९० किंवा त्यावर येत असेल. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ किंवा अधिक असेल. वाईट कोलेस्टेरॉल, ज्यास डॉक्टर 'एल.डी.एल.' म्हणतात, तें १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर उपचारास विलंब लावूं नये. साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल तर ती उंबरठ्यावरची सूचना समजावी. घराण्यांत लवकर हृदयविकार असल्यास 'लायपोप्रोटीन-ए' नांवाची तपासणी आयुष्यांत एकदां करून घेणें बरें; हा घटक जन्मतःच ठरतो व आहारानें फारसा बदलत नाहीं, पण तो जास्त असलेल्यानें इतर कारणें अधिक कसोशीनें आवरावीं. ज्या स्त्रियांस गरोदरपणीं रक्तदाब वा साखर वाढली होती, त्यांनीं बाळंतपणानंतर "तें गेलें" असें समजून स्वस्थ बसूं नये. पुढील आयुष्यांत त्यांस हृदयविकाराचा धोका अधिक असतो. माती तपासून खताची मात्रा ठरविणाऱ्या शेतकऱ्यास रक्त तपासून आहाराची मात्रा ठरविण्याचें महत्त्व पटावयास हवें.

औषध लागलें तर तें नियमानें घ्यावें. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन नांवाच्या औषधांचा जन्म शेतकरी वाचकांस कौतुकाचा वाटेल. जपानांतील आकिरा एंडो हे १९३३ सालीं एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेले शास्त्रज्ञ. बुरशीची आवड त्यांस लहानपणापासून. सहा हजारांहून अधिक बुरशी व सूक्ष्म जीव तपासल्यावर क्योटो येथील धान्याच्या दुकानांतल्या तांदळावर वाढलेल्या एका बुरशींत त्यांस १९७३ मध्यें हें द्रव्य सांपडलें. या वर्गांतील पहिलें औषध १९८७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें, आणि आज जगांतील कोट्यवधि लोक तीं घेतात. एंडो २०२४ मध्यें वारले. ज्या बुरशीस आपण धान्याची नासाडी समजतों तिनेंच हें दान दिलें.

झटका आला असतां

छातीच्या मध्यभागीं दाब, आवळल्यासारखी किंवा जळजळणारी कळ, ती डाव्या हातांत, खांद्यांत, जबड्यांत किंवा पाठींत जाणें, दरदरून थंड घाम, धाप, मळमळ हीं मुख्य लक्षणें होत. स्त्रियांत व मधुमेह्यांत कधीं कधीं छातीची कळ ठळक नसते. केवळ धाप व विलक्षण थकवा येतो. चालतांना येणारी व थांबतांच जाणारी कळ ही आगाऊ नोटीस समजून त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें. विश्रांति घेऊनहि पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारी कळ ही झटका समजूनच चालावें.

येथें आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती "गॅस झाला असेल", "पित्त चढलें असेल" या शब्दांची. तरुण माणूस असला कीं रोगी, घरचे आणि कधीं कधीं औषध देणाराहि याच शब्दांवर विसंबतो. सोडा पिऊन, पोटावर तेल चोळून रात्र काढली जाते. धमनी बंद झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत-बाहेर हृदयाचा स्नायू मरूं लागतो, व सहा ते बारा तासांत त्या भागाची बहुतेक हानि पुरी होऊन जाते. सुकलेलें रोप उशिरा पाणी देऊन उठत नाहीं. मेलेला स्नायूहि उठत नाहीं. पित्त आहे कीं झटका हें ठरविण्याचें काम आपलें नाहीं, तें ई.सी.जी. करून डॉक्टरांनीं ठरवावें. पित्तच निघालें तर गेला तो फक्त एक हेलपाटा.

म्हणून रोग्यास चालवूं नये, त्यास स्वतः गाडी हांकूं देऊं नये. १०८ या क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत मिळते. तिला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानें, जेथें ई.सी.जी. व गुठळी विरघळविणारें औषध आहे अशा रुग्णालयांत न्यावें. ॲस्पिरिनचें वावडें नसेल, पोटांत व्रण अथवा रक्तस्राव नसेल, व तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें अशीं पक्षाघाताचीं चिन्हें नसतील, तर फोनवर डॉक्टरांस विचारून ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चघळावयास द्यावी. ही साधी गोळी काय करते तें १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दिसलें. सतरा हजारांहून अधिक रोग्यांत ॲस्पिरिननें मृत्यु सुमारें शेंकडा २३ नीं कमी झाले, व तिच्या जोडीस गुठळी विरघळविणारें औषध दिलें तेव्हां शेंकडा ४२ नीं. मात्र निरोगी माणसानें हीच गोळी मनानें रोज घेऊं नये. तिनें रक्तस्राव होऊं शकतो.

रोगी बेशुद्ध पडून श्वास थांबला तर त्यास उताणा निजवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटास शंभर ते एकशें वीस या गतीनें निदान पांच सेंटिमीटर खोल दाब देत राहावें, व मदत येईपर्यंत थांबूं नये. गांवांतील चार तरुणांनीं हें एकदां शिकून घेतलें तर तें सर्व गांवाचें धन होय.

गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या तीन तासांत सर्वांत गुणकारी ठरतें, व बारा तासांपर्यंत उपयोगी पडतें. जेथें सोय असेल तेथें नळीनें धमनी उघडतात, त्यास अँजिओप्लास्टी म्हणतात. ही क्रिया आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें प्रथम केली, तो रोगीहि अवघा ३८ वर्षांचा होता. दहा वर्षांनीं पाहिलें तेव्हांहि त्याची ती धमनी मोकळीच होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं ठरलेल्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियांचा खर्च भागविला जातो. आपल्या भागांतील असें रुग्णालय कोणतें, तेथें रात्रीं डॉक्टर असतो कीं नाहीं, व बांधापासून तेथें पोंचावयास किती वेळ लागतो, याची चौकशी वेळ येण्यापूर्वींच करून ठेवावी. कारण त्या रात्रीं चौकशीस वेळ नसतो.

सोसायटीनें काय करावें

या कामांत एकट्यादुकट्यापेक्षां संस्थेची शक्ति अधिक आहे. प्रत्येक सहकारी सोसायटीनें वार्षिक सभेच्या दिवशीं, जेव्हां सर्व सभासद एके ठिकाणीं जमतात, तेव्हां प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीनें रक्तदाब, साखर व पोटाचा घेर मोजण्याची व्यवस्था करावी. १०८ क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचें नांव कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावें. तीस ते पन्नास वयांतील ज्या सभासदांचे आंकडे चढलेले निघतील, त्यांचा पाठपुरावा कर्जवसुलीइतक्याच चिकाटीनें करावा. कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री धडधाकट असेल तर थकलेलें कर्ज फिटतें, पडलेली विहीर बांधली जाते, बुडालेला हंगाम पुढच्या वर्षीं भरून निघतो. ती व्यक्तीच चाळिशींत गेली, तर सात-बारावर नांव बदलतें आणि घराचा कणा मोडतो. पुढील हंगामाचें बियाणें ठरविण्याच्या आधीं प्रत्येक वाचकानें घरांतील तिशीवरच्या माणसांचे हे तीन आंकडे एका कागदावर उतरवून घ्यावे, एवढें झालें तरी लेखाचें सार्थक होईल.